पैलगावचे ढोके

ढोके आमच्या कंपनीत आले, तेव्हा पहिले नऊ दिवस त्यांनी काम म्हणून जे केलं त्याला आमच्या घरी रिकामटेकडेपणा म्हणतात. सकाळी साडेनऊला यायचे, डबा ड्रॉवरमध्ये ठेवायचे, आमचाच दोन वर्षांपूर्वी विक्रीला आलेला व्हिडिओ गेम सुरू करायचे आणि त्यातल्या गावात फिरत बसायचे. फिरत म्हणजे अक्षरशः फिरत. पारावरच्या म्हाताऱ्यापुढे उभे राहायचे, चहावालीशी दोन वाक्यं बोलायचे, मग गिरणीपाशी जाऊन तिथल्या कुत्र्याकडे पाहत राहायचे. त्यांना घेतलं होतं जुन्या गेमला नवीन भाग जोडायला. तो भाग त्यांनी नऊ दिवसांत एकदाही उघडला नव्हता.

दहाव्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेले. मी सदाशिव पेठेत वाढलेली आहे, त्यामुळे रागावले की माझा आवाज चढत नाही, उलट अतिशय सभ्य होतो. म्हटलं, "ढोके, आपण इथे कामाला आलात की राहायला?"

त्यांनी हेडफोन काढला, उठून उभे राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, "राह्यलेच आलो मॅडम. राह्यल्याबिगर वाढीव खोली कोणत्या भिंतीतून काढायची, थे कसं कळन?"

माझा टोमणा असा सरळ स्वीकारला गेल्याचा अनुभव मला नवीन होता. मी तशीच परत आले.

आमची कंपनी म्हणजे कोथरूडमध्ये एका दाताच्या दवाखान्याच्या वरचे दोन फ्लॅट, अठरा माणसं आणि सलील. सलील मालक. कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होता, म्हणून मला अजूनही मंजू म्हणतो. मी एका बड्या आयटी कंपनीत बँकांची सॉफ्टवेअरं लिहीत होते, ते सोडून त्याच्याकडे मुख्य प्रोग्रॅमर म्हणून आले. तेव्हापासून आईनं शेजारीपाजारी 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगायचं ठरवून टाकलं. शिकली-सवरलेली मुलगी गेम करते, हे पेठेत सांगण्यासारखं नव्हतं.

गेम होता केवडी नावाच्या गावाचा. नदीकाठचं गाव, तिथे बदली होऊन आलेली एक पोस्टवाली. ती सायकलवरून पत्रं वाटते आणि वाटता वाटता गावाच्या भानगडींत पडते. खेळणाऱ्यानं ती पोस्टवाली व्हायचं. बंदुका नाहीत, मारामारी नाही, तरी लोकांना आवडला. गेम चालला की धंद्याची रीत अशी, की वर्षा-दोन वर्षांनी त्याला नवीन भाग जोडून विकायचा. लोक तो डाउनलोड करून घेतात आणि आपला जुना खेळ तिथून पुढे खेळतात. आम्ही नदीपलीकडे पैलगाव वसवत होतो. चित्रं झाली होती, गाणी झाली होती. ढोक्यांना सलीलनं घेतलं ते पैलगाव बाजारात जाईपर्यंतच्या बोलीवर. 'पुढे ठेवायचं की नाही ते नंतर बघू' असं त्यानं त्यांना स्वच्छ सांगितलं होतं.

या 'नंतर बघू'च्या भरवशावर ढोक्यांनी बायको आणि मुलीला अचलपूरहून पुण्यात आणलं होतं. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पुण्यात एकट्यानं सहा वर्षं काढून झाली होती, आणि त्या सहा वर्षांत अकरा खोल्या. आता कोथरूडात एक भाड्याचा फ्लॅट, मुलीला पहिलीत प्रवेश, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाचा गॅस. नोकरी टिकली नाही तर काय, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "भावाचं दुकान हाये ना तिकडं. पण मंग मले गावातले लोक इचारतीन, काहून आला परत." यापलीकडे त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र मनात धरून बसले.

ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, सलीलला शिपाईसुद्धा सलील म्हणतो. ढोक्यांचं आणि माझं मात्र शेवटपर्यंत अहो-जाहो चाललं. वयानं ते माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण प्रमोद म्हणून हाक मारायला जीभ वळेना. आणि ते मला 'मॅडम' इतक्या मोकळेपणानं म्हणत की त्यात हुद्दा कुठेच नसे.

तर वाढीव खोली. हा त्यांचा शब्द. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटात मालकानं बाल्कनी बंद करून खोली काढली होती, कोथरूडात निम्म्या घरांत काढतात तशीच. फरशी तीच, रंग तोच, पण मधला उंबरा तसाच राहिलेला. ढोके म्हणत, "रोज सकाळी माह्या अंगठ्याले समजते मॅडम, का पह्यले घर इथं संपत होतं." आणि लगेच पुढे, "आपल्या पैलगावले असा उंबरा नाई पायजे."

आमच्या पैलगावला उंबरा नव्हता, चांगला चौथरा होता. जुन्या घाटावर एक निळी होडी आणून उभी केली होती, तिच्याभोवती मंद उजेड, आणि होडीवाला म्हणणार, 'चला, पैलगावला!' खेळणाऱ्याला नवीन भाग कुठे आहे ते चटकन सापडावं, म्हणून. आम्हाला ती कल्पना फार गोड वाटली होती. ढोक्यांनी मीटिंगमध्ये हात वर केला.

"हा होडीवाला काल नव्हता, आज हाये," ते म्हणाले. "अन् गावात कोणीच इचारत नाई, बाबा तू कोण, कुठला. केवडीत कोंबडी हरवली तं चार जणं पोस्टवालीले सांगतात. अन् नदीपल्याड आख्खं गाव निघालं, त्याचं कोणालेच काही नाई?"

सगळे हसले. मीही हसले. मग कुणीतरी होडीवाल्याचं चित्र पुन्हा उघडलं.

दुसरं भांडण मोटारसायकलवरून झालं. पैलगावात पोस्टवालीला मोटारसायकल मिळणार होती. चित्र काढणाऱ्या मुलांनी जीव ओतून केली होती, आवाजही झकास. ढोके तिच्या आडवे आले. "जुन्या गेममध्ये लोक सायकल दुरुस्त करत करत, एकेक सुटा भाग जमवत, चढ चढलेत. थे मोटारसायकल घेऊन केवडीत परत आले का सायकलवर घाम गाळनारा येडा ठरते. नवीन काही द्याचं तं असं द्या का जुनं कमावलेलं तिथं कामी येईन." सलील वैतागला. पण शेवटी पैलगावची वाट चिखलाची झाली, आणि ज्यानं जुन्या खेळात सायकलला जाड टायर कमावले होते त्याला ती सोपी जाऊ लागली. मोटारसायकल गेली. ती बनवणारी मुलं आठवडाभर ढोक्यांशी बोलत नव्हती, आणि ढोके मात्र रोज त्यांच्या टेबलापाशी जाऊन 'जेवले का?' विचारून येत.

मला त्यांचं म्हणणं डोक्यात पटलं होतं, पण नीट समजलं ते मंडईत. एका रविवारी सकाळी मी भाजीला गेले होते, तिथे ढोके मुलीचा हात धरून एका खांबाशी उभे. पिशवी रिकामी. मी विचारलं, "भाजी घेताय की मोजताय?" त्यांनी हळूच बोट दाखवलं. एका जुन्या मेथीवाल्या बाईंच्या शेजारी एक नवीन माणूस लिंबं घेऊन बसला होता. ढोके म्हणाले, "तीन रविवारपासून पाहून राह्यलो. पह्यल्या रविवारी तो लय ओरडे, कोणी पाहे नाई. आज ओरडूनच नाई राह्यला." तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं मेथीवाल्या बाईंना लिंबं विचारली, आणि त्या मान न उचलता म्हणाल्या, "माझ्याकडे नाहीत, याच्याकडे घ्या." ढोक्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झाला तो मंडईचा," ते म्हणाले.

सोमवारी होडीभोवतीचा उजेड काढून टाकला. होडीवाल्यानं हाका मारणं थांबवलं. त्याऐवजी केवडीची चहावाली म्हणू लागली, "गूळ संपलाय गं, पैलगावचा बुधवारी येतो." बस, एवढंच. तिला कोणी मुद्दाम विचारायला नको, सांगायला नको. ढोक्यांनी मग असं एकेक सुरू केलं. जुन्या पोस्टात भिंतीवर पत्रांचे खण होते, त्यांतला एक खण दोन वर्षं नुसता बंद होता. चित्र काढणाऱ्यानं सहज काढलेला. ढोक्यांनी त्यात नदीपलीकडची पत्रं ठेवली, मधे होडी बंद होती तेव्हा साठलेली. गिरणीतला कुत्रा संध्याकाळी नदीकडे तोंड करून बसू लागला. जुन्या खेळात एका आईपासून तिच्या मुलाचं पत्र लपवायचं की नाही, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं असे. तो मुलगा आता पैलगावात भेटू लागला, आणि तुम्ही काय केलं होतं ते त्याला माहीत असे. पण त्यांचं सगळ्यात लाडकं काम वेगळंच होतं. पैलगावला दोन दिवस राहून तुम्ही केवडीत परतलात, की पारावरचा म्हातारा मान वर करून विचारी, "कुठं होतीस गं दोन दिवस?"

ते वाक्य बसवून झाल्यावर ढोके खुर्चीत मागे टेकले. "नवीन गावात गेल्यावर नाई कळत मॅडम, का आपण नवीन गावात गेलो," ते म्हणाले. "वापस आल्यावर कोणी इचारलं, का मंग कळते." अकरा खोल्यांत त्यांना हे कोणी विचारलं असेल का, असं मनात आलं, आणि मी चहा आणायला उठले.

पैलगाव बाजारात गेलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. पत्रं आली, कौतुकं छापून आली. चित्रांचं कौतुक, गाण्यांचं कौतुक. एका खेळणाऱ्यानं लिहिलं, की हा भाग मी दोन वर्षांपूर्वीच खेळलो होतो असं मला वाटतंय, तुम्ही जुनाच परत विकताय का? ढोक्यांनी ते पत्र चारदा वाचलं. दिवसभर ते शीळ घालत होते.

आणि नेमका तोच घोटाळा झाला. बोली संपली, आणि सलीलनं मला केबिनमध्ये बोलावलं. सलील वाईट माणूस नाही, पण त्याला दिसेल तेवढंच दिसतं. म्हणाला, "मंजू, ढोके माणूस चांगला आहे. पण त्यांनी नेमकं केलं काय? मला दाखव. चित्रं याची, गाणी त्याची, पैलगावची सगळी गोष्ट तिची. पत्रांत ढोक्यांच्या कामाबद्दल एक शब्द नाही. आणि संथ आहेत, हे तूच लिहून दिलंयस."

दिलं होतं, अगदी पहिल्या महिन्यात, त्या नऊ दिवसांच्या रागात. लिहून झाल्यावर मी ते विसरूनही गेले होते. आता त्या एका ओळीवर ढोक्यांची बायको, मुलगी, शाळा, गॅस सगळं उभं होतं. मी गेम उघडला आणि सलीलला दाखवायला गेले. हा कुत्रा बघ. "कुत्रा जुनाच आहे," सलील म्हणाला. नाही रे, तो नदीकडे बघतोय. "मग?" हा पत्रांचा खण बघ. "हा पहिल्यापासून आहे." जे जे दाखवावं ते ते त्याला पहिल्यापासून असल्यासारखं वाटत होतं. दहा मिनिटांनी मी गेम बंद केला. मला शरम वाटली, आणि सलीलचा नाही, माझाच राग आला.

मी त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मी दुसरं काहीही केलं नाही. पैलगावची एक प्रत घेतली आणि जुन्या केवडीत ढोक्यांनी केलेला एकेक बदल शोधून काढून टाकला. एक्काहत्तर निघाले. त्यांतले निम्मे मलाही माहीत नव्हते. एका घराच्या ओसरीवर पैलगावच्या मातीचा माठ होता. शाळेच्या नकाशावर नदीपलीकडे मुलांनी खडूनं केलेला ठिपका होता. काढताना वाईट वाटत होतं, पण हात थांबवला नाही. पैलगावच्या एका घरालाही मी हात लावला नव्हता. चित्रं, गाणी, गोष्ट जशीच्या तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सलीलला ती प्रत खेळायला दिली, काहीही न सांगता. अर्धा तास तो खेळला. नदी ओलांडून गेला, दोन दिवस पैलगावात काढले, परत केवडीत आला. पारावरच्या म्हाताऱ्यापुढून गेला. म्हातारा काही बोलला नाही. सलील पुन्हा मागे आला, पुन्हा त्याच्यापुढे उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे कोणी केलंय? हे सालं चिकटवल्यासारखं वाटतंय."

"आपणच केलंय," मी म्हटलं. "फक्त ढोके काढलेत."

सलीलनं खुर्ची मागे सारली. मग म्हणाला, "पत्र तयार करायला सांग. कायम करू." आणि दाराशी गेलेल्या मला परत बोलावून म्हणाला, "आणि ते 'संथ' फाडून टाक." त्याबद्दल मी सलीलला अजून मानते.

ढोक्यांना ऑफिसातूनच कुणाकडून तरी कळलं. त्यांनी ती काढलेली प्रत बघायला मागितली. मला वाटलं खूश होतील. ते दहा मिनिटं केवडीत फिरले, आपल्या रोजच्या फेरीनं, पार, चहा, गिरणी. कोणी काही बोलेना. त्यांनी गेम बंद केला आणि चष्मा पुसला. "मॅडम, हे डिलीट करून टाका," ते म्हणाले. "चुकून कोनाच्या हातात गेलं, तं त्याले वाटन का केवडीचे लोक असेच हायेत." आभारबिभार काही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या बायकोनं, वंदनाताईंनी, माझ्यासाठी डब्यात पातोडीची भाजी पाठवली. इतकी तिखट होती की माझे डोळे, नाक, कान सगळे एकदम उघडले. ढोके समोर बसून ती खाताना मला बघत होते, आणि मी हार मानणार नव्हते.

त्यानंतर सात वर्षं ते आमच्याकडे होते. केवडीला आणखी तीन गावं जोडली गेली. कुठल्याही गावाचं पहिलं चित्र निघायच्या आधी ढोके जुन्या गावात जाऊन राहत, आणि आता त्यांना कोणी काही बोलत नसे. नवीन मुलं आली की मी त्यांना ढोक्यांच्या शेजारी बसवी आणि सांगे, यांना काही विचारू नका, नुसतं बघा.

मग अचलपूरला त्यांचे वडील एकटे पडले. भाऊ दुकान विकून नागपूरला गेला होता, वडिलांना दिसणं कमी झालं होतं, आणि ते पुण्याला यायला तयार नव्हते. ढोक्यांनी तीन महिने आधी मला सांगितलं. मी ते ऐकून घेतलं आणि रागावून बसले. चांगले पंधरा दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. वयाला शोभणारी गोष्ट नव्हती, पण बोलले नाही. त्यांनीही समजूत घातली नाही. रोज जाताना मात्र दाराशी थांबून म्हणत, "येतो मॅडम."

त्यांच्या जागी मीनल नावाची बाई घ्यायचं ठरलं. लेक लहान म्हणून चार वर्षं घरी होती, आता परत कामाला लागणार होती. ढोक्यांनीच तिची निवड केली. ती यायच्या आधी महिनाभर ते वॉचमनशी, चहावाल्याशी, खालच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरशी बोलताना तिचं नाव घेत असत, हे मला पुढे कळलं. ती रुजू झाली त्या सकाळी चहावाल्यानं तिला न विचारता बिनसाखरेचा चहा दिला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ढोक्यांनी आपलं टेबल तिला दिलं, कारण विचारलं तर म्हणाले, इकडं वारं लागतं. मी काही विचारायला गेले की म्हणत, "हे मीनलताईले जास्त कळते." जेवताना माझ्यासमोरची खुर्ची त्यांची होती, कधी ते बाजूला सरकले आणि कधी मीनल समोर बसू लागली, ते मी पाहिलंच नाही. मीटिंगमध्ये हात तिचा वर जाऊ लागला, आणि ती जे विचारी ते बरोबर असे.

निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. हारतुरे नकोत, भाषण तर नकोच. एका शुक्रवारी संध्याकाळी ड्रॉवरमधला डबा पिशवीत टाकला, दाराशी थांबले, म्हणाले, "येतो मॅडम." मी कीबोर्डवरून मान न उचलता म्हटलं, "या."

सोमवारी सकाळी ऑफिस भरलं. मीटिंग झाली, मीनलनं एका नवीन देवळाबद्दल अडचण काढली, ती सगळ्यांना पटली. जेवणं झाली. समोर बसून मीनल तिच्या लेकीच्या शाळेचं काही सांगत होती, मी हसले. दुपारी तीनला चहा आला. मी कप हातात घेतला, उजवीकडे वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तेव्हा मला कळलं की ढोके नाहीत. आत्ता नाहीत असं नव्हे, सकाळपासून नाहीत. शुक्रवारपासून नाहीत, आणि उद्याही नसणार. साडेपाच तास मला पत्ता नव्हता. सात वर्षं या माणसाचं काम मी लोकांना समजावून सांगत होते, आणि त्यांनी ते माझ्या डोळ्यांदेखत माझ्यावर केलं होतं.

मी गॅलरीत जाऊन रडले. चांगलं हुंदके देऊन रडले, खाली दवाखान्यात बसलेल्या लोकांना वाटलं असेल वर कुणाचा तरी दात काढतायत. मग तोंड धुतलं आणि अचलपूरला फोन लावला.

"अहो ढोके," मी म्हटलं, "आपण गेलात, ते मला आत्ता लक्षात आलं. तीन वाजता."

"तीनलेच?" ढोके म्हणाले. "मले वाटलं होतं, बुधवारपर्यंत तरी तुमच्या ध्यानात येनार नाई."

आवाजात खंत होती, आणि ती सगळी कामाबद्दलची होती. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "अहो, माणसानं इतकंही चांगलं काम करू नये."